कर्करोगाच्या उत्पत्तीचा शोध

कर्करोगाचे नाव निघताच घरातील माणसांचा आवाज खाली येतो. रोग्याला ते सांगावयाचे की नाही यावर आप्तेष्टांत खल होतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहुधा 'पोटाचे दुखणे' एवढेच कळविले जाते. या भीतीच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. हा रोग अकस्मात येतो, कोठून येतो ते कळत नाही, आणि आल्यावर काही उपाय चालत नाही, अशी ती समजूत होय. वैद्यकाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या समजुतीची पहिली दोन कलमे खोटी ठरली आहेत. आणि ती खोटी ठरली म्हणूनच तिसरे कलमही पुष्कळ अंशी ढिले पडले आहे. कर्करोग शरीराच्याच एखाद्या पेशीत उगम पावतो आणि बहुधा अनेक वर्षे, कित्येकदा वीस-तीस वर्षेही, पायरीपायरीने वाढत राहतो. हा लांबलचक काळ मनुष्याच्या ध्यानी कसा आला, आणि तो ध्यानी आल्याने काय साधले, याचा वृत्तान्त उद्बोधक आहे.

नाव आणि जुनी मते

रोग स्वतः प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इजिप्तमध्ये उतरविलेल्या आणि आज एडविन स्मिथ याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसावर छातीवरील फुगीर गाठींचे वर्णन आहे आणि त्यांवर उपचार नाही असा स्पष्ट शेरा आहे. हिप्पोक्रेटिसाच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी अशा गाठीला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा हे नाव दिले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसतात, अशी या नावाची उपपत्ती पुढील ग्रंथकारांनी सांगितली. लॅटिन 'कॅन्सर' आणि संस्कृत 'कर्क' यांचा अर्थ तोच; तेव्हा मराठीतील 'कर्करोग' हा शब्दही त्या ग्रीक खेकड्याचाच वंशज म्हणावयास हवा.

भारतीय वैद्यकाने निराळा शब्द योजिला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अर्बुद' नावाच्या गाठीचे लक्षण दिले आहे. ती वाटोळी, स्थिर, मंद वेदना देणारी, खोल मूळ असलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी असते, असे सुश्रुत सांगतो. अर्बुद या एका नावाखाली साध्या व घातक अशा दोन्ही प्रकारच्या गाठी येत असत, हे येथे विसरता कामा नये. तथापि गाठ सावकाश वाढते आणि गळवाप्रमाणे पिकत नाही ही दोन लक्षणे त्या काळी इतक्या नेमकेपणाने टिपली गेली, हे निरीक्षण सामान्य नव्हे.

कारणाविषयी मात्र सर्वत्र तर्कच चालत होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात कीर्ती पावलेल्या गॅलेन या वैद्याने कर्करोग काळ्या पित्ताच्या आधिक्याने होतो असे मत मांडले. काळे पित्त सर्वांगात भरलेले असल्याने एका ठिकाणची गाठ कापून काय होणार, हा त्या मताचा स्वाभाविक निष्कर्ष होता. सुमारे दीड हजार वर्षे या मताचा अंमल चालला. रोग कोठे सुरू होतो, कोणाला होतो आणि का होतो, हे प्रश्न विचारण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही.

धुराड्यातील काजळी

तो प्रश्न पहिल्याने नीट विचारला गेला तो लंडनमध्ये. सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी लंडनमधील घरांची अरुंद धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत असत. पाचसहा वर्षांची गरीब पोरे अर्ध्या वस्त्रानिशी काजळीत घासटत वर जात. या धंद्यातील माणसांना पुढे वयात आल्यावर वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, आणि त्याचे कारण त्वचेच्या वळ्यांत साचून राहणारी काजळी हे आहे, असे पॉटने दाखविले.

या निबंधात दोन गोष्टी नव्या होत्या. कर्करोगाला बाहेरचे, डोळ्यांना दिसणारे कारण असू शकते, ही पहिली. दुसरी अधिक खोल होती. काजळी लागते बालपणी आणि रोग दिसतो तारुण्यात किंवा त्यानंतर. मधली वर्षे रोग कोठे असतो? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ गेला. पहिल्या गोष्टीचा उपयोग करून घ्यावयास तरी वेळ लागण्याचे कारण नव्हते. पण तोही लागला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७८८, १८४० आणि १८७५ साली कायदे केले, आणि शेवटच्या कायद्यानंतरच मुलांना धुराड्यात चढविण्याची चाल खऱ्या अर्थाने बंद पडली. कारण कळल्यानंतर शंभर वर्षे मुले चढतच होती. कर्करोगाच्या इतिहासात ज्ञान आणि आचरण यांमधील ही दरी पुढेही वारंवार भेटते.

पेशीचा शोध आणि रोगाचे वर्गीकरण

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्र सुधारले आणि गाठीच्या आत पाहणे शक्य झाले. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने १८३८ साली कर्करोगाची गाठही शरीराच्या इतर भागांप्रमाणे पेशींचीच बनलेली असते असे दाखविले. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्को याने १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त ठामपणे मांडला. काळ्या पित्ताचे राज्य तेथे संपले. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती रोग्याच्याच निरोगी पेशीची संतती असते. पुढे टीर्श आणि वाल्डायर या जर्मन संशोधकांनी १८६५ ते १८७२ या काळात अशी पेशी नेमकी कोणत्या थरातून निपजते याचा पाठपुरावा केला, आणि त्यातून कर्करोगाचे वर्गीकरण सिद्ध झाले.

या वर्गीकरणाचे सूत्र सोपे आहे. रोगाचे नाव तो ज्या पेशींत जन्मला त्यांवरून ठरते. शरीराची त्वचा, तोंड, अन्ननलिका, जठर, आतडी, फुप्फुसे, गर्भाशयाचे मुख यांना आतून किंवा बाहेरून मढविणारे पेशींचे अस्तर असते. स्तनासारख्या ग्रंथीही त्याच जातीच्या पेशींच्या बनलेल्या असतात. या अस्तरातून निघणाऱ्या कर्करोगाला कार्सिनोमा म्हणतात. प्रौढांतील दर दहा कर्करोगांपैकी आठ-नऊ या जातीचे असतात. अस्तरच सर्वाधिक झिजते, त्याच्याच पेशी सतत नव्याने तयार होतात, आणि धूर, तंबाखू, ऊन यांचा मारा प्रथम त्याच्यावरच होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही.

हाडे, स्नायू, चरबी, कूर्चा अशा आधार देणाऱ्या ऊतकांतून निघणारा कर्करोग तो सार्कोमा. तो तुलनेने विरळा असतो. हाडाचा सार्कोमा विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांत आढळतो. तिसरा वर्ग रक्ताच्या कर्करोगांचा. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या श्वेतपेशी बेसुमार वाढल्या म्हणजे ल्युकेमिया होतो. यात गाठ असतेच असे नाही. रोग रक्तातूनच वाहतो. १८४५ साली स्कॉटलंडमध्ये बेनेट आणि जर्मनीत फिर्को यांनी या रोगाचे स्वतंत्रपणे वर्णन केले; त्याचे नाव फिर्कोने दिलेले आहे. लसीकाग्रंथींतील पेशींपासून होणारा लिंफोमा आणि मज्जेतील प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींपासून होणारा मायलोमा हे त्याचेच भाईबंद. मेंदू व मज्जारज्जू यांतील अर्बुदे, तसेच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून होणारा मेलानोमा, हे वर्ग निराळे मानले जातात.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही याच काळात स्पष्ट झाले. सौम्य अर्बुद आपल्या वेष्टनात राहून वाढते. ते शेजारच्या भागात घुसत नाही आणि दूर जात नाही. मारक अर्बुद मात्र आपली सीमा ओलांडते, रक्त आणि लसीका यांच्या प्रवाहात पेशी सोडते आणि यकृत, फुप्फुस, हाड, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी नवी ठाणी वसविते. इंग्रज शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट याने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही ठाणी वाटेल तेथे बसत नाहीत असे त्याला आढळले. बी चोहोकडे उडते, पण जमीन मानवेल तेथेच रुजते, असा त्याने दृष्टान्त दिला, आणि तो आजही मान्य आहे. स्तनाचा कर्करोग हाडात गेला तरी तो स्तनाचाच कर्करोग राहतो. उपचारही त्याच जातीचे करावे लागतात.

सशाचे कान

काजळीने कर्करोग होतो हे पॉटने अनुमानाने सांगितले होते. प्रयोगाने ते सिद्ध व्हावयाचे राहिले होते. अनेकांनी यत्न केले आणि काही महिन्यांत कंटाळून सोडून दिले. टोकियो विश्वविद्यालयातील कात्सुसाबुरो यामागिवा आणि त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनी मात्र सोडले नाही. त्यांनी सशांच्या कानाच्या आतल्या बाजूस डांबर चोळण्यास आरंभ केला. दर दोन-तीन दिवसांनी, महिन्यामागून महिने, एक वर्षाहून अधिक काळ. प्रथम त्वचा जाड झाली, मग चामखिळीसारख्या वाढी आल्या, आणि अखेर त्यांपैकी काहींचे खऱ्या कर्करोगात रूपांतर झाले. १९१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मनुष्याने मुद्दाम निर्माण केलेला आणि पायऱ्यांनिशी पाहिलेला तो पहिला त्वचेचा कर्करोग होय. पूर्वीचे प्रयोग का फसले हेही त्यातून उमगले: त्यांच्यापाशी धीर कमी होता.

१९३३ साली लंडनमधील संशोधकांनी दोन टन डांबरातून कर्करोग उत्पन्न करणारे एक शुद्ध द्रव्य वेगळे काढले. बेंझोपायरीन त्याचे नाव. हेच द्रव्य तंबाखूच्या धुरातही असते, हे पुढे निष्पन्न झाले. लंडनच्या धुराड्यातील पोरगा आणि ओसरीवर विडी ओढीत बसलेला गृहस्थ यांच्यामध्ये दोन शतकांचे व हजारो मैलांचे अंतर असले, तरी त्यांच्या पेशींना जाचणारे द्रव्य एकच होते.

किरणांचा धोकाही याच सुमारास कळला. रोंटगेनने क्ष-किरण शोधून काढले ते १८९५ साली, आणि त्या यंत्रांवर काम करणाऱ्या एका माणसाच्या हातावर किरणांमुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद १९०२ सालीच झाली. अमेरिकन शोधक एडिसन याचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा किरणांच्या प्रयोगांत दोन्ही हात गमावून १९०४ साली मरण पावला.

भारतातील चालीरीती आणि रोग

या अभ्यासात भारताने जी भर घातली ती महत्त्वाची आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील रोगी पाश्चात्य रोग्यांहून निराळे आहेत हे पाहिले आणि त्याचे कारण लोकांच्या चालीरीतींत शोधले. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतातील तीन विशेष प्रकारांचे वर्णन केले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेच्या त्वचेवर होणारा कर्करोग. आंध्र किनाऱ्यावर चुट्टा नावाची विडी जळते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा कर्करोग. आणि तंबाखू व चुना यांची खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून धरल्याने तेथेच होणारा कर्करोग. काश्मीरमध्ये पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांना त्या जागच्या त्वचेवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता.

या सर्व उदाहरणांत जागा नेमकी आहे आणि सवय दीर्घकाळची आहे. आठ दिवस धोतर घट्ट नेसल्याने काही होत नाही. तीस-चाळीस वर्षांचा तो हिशेब असतो. तंबाखूचेही तसेच. पान-तंबाखू, गुटखा, दातांना लावावयाची मशेरी आणि विडी यांची संगत ज्या गालाला, हिरडीला किंवा जिभेला घडते तेथेच व्रण उठतो. नुसती सुपारी चघळल्यानेही तोंडाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, आणि ही अवस्था कर्करोगाकडे झुकलेली असते. भारतातील पुरुषांत आज तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०२२ साली देशात सर्व प्रकारचे मिळून सुमारे १४ लाख नवे रोगी झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे विडीच्या तंबाखूचे नामांकित ठाणे. तेव्हा सीमाभागातील वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

खानोलकर हे १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. अमेरिकेत बाल्टिमोर येथे शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी या केंद्रात ऊतकसंवर्धनाची, म्हणजे पेशी काचपात्रात जगविण्याची प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ती पहिलीच. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधावर त्यांनी केलेले काम मान्यता पावले आहे.

पेशीच्या आत काय घडते

कारणे कळली, जाती कळल्या. पण निरोगी पेशी बिघडते म्हणजे नेमके काय होते? जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी याने समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर प्रयोग करून १९१४ साली असे सुचविले की, बिघाड पेशीच्या गुणसूत्रांत असावा. पाहण्याची साधने तेव्हा नव्हती. १९६० साली फिलाडेल्फिया येथील नोवेल आणि हंगरफोर्ड यांना ल्युकेमियाच्या एका जातीतील रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र खुरटलेले आढळले. १९७३ साली जॅनेट राउली या विदुषीने दाखविले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल होऊन जोडले गेले आहेत. या अदलाबदलीने निर्माण होणाऱ्या प्रथिनालाच अडविणारे औषध २००१ साली वापरात आले आणि एकेकाळचा तो जीवघेणा रोग पुष्कळांच्या बाबतीत रोजच्या गोळीने आटोक्यात राहू लागला.

दुसरी वाट कोंबडीपासून निघाली. पेटन राउस या अमेरिकन संशोधकाने १९११ साली दाखविले की, कोंबडीचा सार्कोमा एका विषाणूने दुसऱ्या कोंबडीला होऊ शकतो. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी. १९७६ साली बिशप आणि वार्मस यांच्या प्रयोगशाळेत त्या विषाणूतील घातक जनुकाचा माग काढला गेला, तेव्हा तो निरोगी कोंबडीच्याच पेशीत सापडला. विषाणूने तो कधीकाळी तेथूनच उचलला होता. याचा अर्थ असा की, कर्करोगाचे बीज ठरू शकणारी जनुके प्रत्येक निरोगी पेशीत असतातच आणि त्यांची तेथे गरजही असते. जखम भरणे, त्वचा झिजली की नवी येणे, ही कामे तीच करवून घेतात.

पेशीच्या वाढीची व्यवस्था बैलगाडीच्या उपमेने समजते. काही जनुके पराणीसारखी आहेत. ती पेशीला विभागून वाढण्यास टोचतात. काही कासऱ्यासारखी आहेत. ती वाढीला आवरतात. बिघडलेली पराणी सतत टोचत राहते. कासरा मात्र दुपदरी असतो, कारण प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्याच्या एका कर्करोगाचा अभ्यास करून हेच सांगितले. ज्या मुलांत एक पदर जन्मतःच तुटलेला असतो त्यांना हा रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. इतरांत दोन्ही पदर आयुष्यातच तुटावे लागतात, म्हणून तो विरळा असतो. काही घराण्यांत स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, याचे उत्तरही यातच आहे. वारशाने येतो तो तुटका पदर. रोग स्वतः वारशाने येत नाही.

आयुष्यभर शरीरातील पेशी विभागत असतात आणि प्रत्येक वेळी सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आनुवंशिक मजकूर नव्याने उतरवून घ्यावा लागतो. यात चुका होतात, आणि बहुतेक तेथल्या तेथे दुरुस्तही होतात. तंबाखू, किरण, ऊन, काही विषाणू हे चुकांची संख्या वाढवितात. एखाद्या पेशीत चुकून पराणी बिघडली, तर तिची संतती थोडी वेगाने वाढते. त्या संततीतील एखादीचा कासरा तुटतो. आणखी एखादी मरण्याचा हुकूम ऐकेनाशी होते. म्हाताऱ्या किंवा बिघडलेल्या पेशीने स्वतः मरावे असा शरीराचा नियम आहे, तो ती मोडते. पुढे कोणी रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते; रक्ताचा पुरवठा मिळाल्याखेरीज गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली दाखविले होते. शेवटी अस्तराखालचा पातळ पडदा भेदून पेशी बाहेर पडतात. बर्ट फोगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्यातील साध्या कोंबापासून पूर्ण कर्करोगापर्यंतच्या या पायऱ्या एकेका जनुकानिशी १९९० च्या सुमारास मांडून दाखविल्या. यामागिवांनी सशाच्या कानावर डोळ्यांनी पाहिलेल्या पायऱ्याच या. आता त्या जनुकांच्या भाषेत वाचता आल्या. वय वाढते तसा हा रोग का वाढतो, हेही उघड झाले: इतक्या चुका एकाच वंशावळीत साचावयास वर्षे लागतात.

एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार अशा तीस दुपटी झाल्या म्हणजे शंभर कोटींहून अधिक पेशी होतात. त्या मिळून सुमारे एक सेंटिमीटरची गाठ बनते. हाताला ती तेव्हा लागते. आणखी दहा दुपटींत तिचे वजन किलोग्रॅमच्या घरात जाईल. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात अनेक पेशी मरतात आणि गतीही बदलते. तरी त्यातून एक गोष्ट निश्चित दिसते. गाठ प्रथम हाताला लागते तेव्हा रोगाचा बराचसा प्रवास संपलेला असतो, पण सगळा संपलेला नसतो.

मिळालेल्या वेळाचा उपयोग

हे सर्व ज्ञान निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचे राहिले असते, तर सर्वसामान्य वाचकाला त्याचे प्रयोजन नव्हते. परंतु रोगाला लागणारा वेळ हीच त्याला अडविण्याची संधी आहे, हे प्रत्यक्ष गावोगावी सिद्ध झाले आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतवैद्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखूसेवी ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी केली. तोंडाचा कर्करोग बहुधा आधीच्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यांतून येतो, असे त्यांना आढळले. आणि ज्यांना समजावून तंबाखू सोडविली त्यांच्यात असे चट्टे कमी उठले. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००४ साली सांगितले की, तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभते. पायऱ्यांच्या सिद्धान्ताशी हे जुळतेच. चढण जेथे थांबवावी तेथे पुढच्या पायऱ्या वाचतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण तर मराठवाड्यातलेच आहे. हा रोग एका विषाणूच्या दीर्घ संसर्गाने होतो, हे जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ च्या सुमारास दाखविले आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या कार्यकर्त्यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तेथे आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गावांत अशी तपासणी झाली नाही, तेथे ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी होती. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांनाच थोडे प्रशिक्षण देऊन साध्या व्हिनेगरच्या साहाय्याने तपासणी करविण्यात आली, आणि या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१४ सालचे आहेत. याच विषाणूविरुद्धची लस पुण्यात तयार होऊ लागली असून तिला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली.

प्रत्येक कर्करोग असा सावकाश आणि दिसेल अशा वाटेने येत नाही. काही ल्युकेमिया आठवड्यांत बळावतात. स्वादुपिंडाचा कर्करोग उशिरापर्यंत खूण देत नाही. आणि ज्याने आयुष्यात तंबाखूला स्पर्श केला नाही त्यालाही हा रोग होऊ शकतो, कारण पेशीच्या काही चुका निव्वळ योगायोगाच्या असतात. म्हणून रोग्याला दोष देणे अन्यायाचे आहे. रोग्याची भांडी वेगळी करणे तर निरर्थकच, कारण रोग्याच्या सहवासाने किंवा सेवेने कर्करोग लागत नाही.

पॉटच्या निबंधानंतर शंभर वर्षे लंडनची मुले धुराड्यात चढत राहिली. आज कारण माहीत आहे, पायऱ्या माहीत आहेत, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन ठिकाणी तरी रोग आरंभीच ओळखण्याचे स्वस्त मार्ग माहीत आहेत. तोंडातला पंधरा दिवसांत न भरणारा व्रण किंवा चट्टा, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव, कारणावाचून बसलेला आवाज, या खुणा दुखत नाहीत म्हणूनच दुर्लक्षिल्या जातात. सुश्रुताने अर्बुदाची वेदना मंद सांगितली होती. ती मंद असेपर्यंतच वैद्याकडे जाणे श्रेयस्कर होय.